हिरवा पेला : किती गुणाचा, किती गाजावाजाचा?

जुन्या म्हैसूर शहरातला अग्रहार हा भाग हिरव्या पानाला मुळीच नवखा नाही. मराठी घरात जन्मलेले म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांच्या नावाच्या धर्मशाळेपासून विद्यारण्यपुरमच्या चौकापर्यंत एके काळी विड्याच्या पानांचे मळे होते. म्हैसूरच्या त्या पानाला आज भौगोलिक मानांकन आहे. जेवणानंतर पान खाणाऱ्या या गावाने पान जेवणातही तितक्याच आवडीने घेतले. कानडीत पालेभाजीला ‘सोप्पू’ म्हणतात. माठ, शेपू, मेथी, मायाळू, शेवग्याचा पाला अशा नाना प्रकारच्या सोप्पूच्या जुड्या इथल्या गृहिणी रोज निवडत आल्या आहेत.

आता मात्र म्हैसुरात काय किंवा पुण्या-नागपुरात काय, पालेभाजी कढईत जाण्याऐवजी मिक्सरच्या भांड्यात जाऊ लागली आहे. पालक, काकडी, केळे, सफरचंद, थोडे पाणी; मिक्सर फिरवला की हिरवी स्मूदी तयार! ही रोज प्या, वजन उतरेल, रक्त वाढेल, त्वचा उजळेल, शरीरातली ‘घाण’ निघून जाईल, असे हिच्याविषयी सांगितले जाते. ‘पी हळद नि हो गोरी’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. प्रत्येक पिढीला आपली हळद सापडते, तशी या पिढीला ही हिरवी हळद सापडली आहे.

पण म्हणून ती टाकाऊ समजायचे कारण नाही. या पेल्यात गुण आहेतच. ते नेमके कोणते, कोणासाठी आणि किती, एवढे समजून घेतले म्हणजे झाले.

पेल्यात असते काय?

कच्ची पाने आणि फळे एकत्र वाटून प्यायची ही पद्धत अमेरिकेत गाजली ती २००५ च्या सुमारास. मूळच्या रशियन आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बुटेन्को या लेखिकेने कच्च्या आहाराच्या प्रचारात तिचा हिरिरीने पुरस्कार केला. तिथून ती मासिके आणि दूरचित्रवाणीमार्गे आपल्या स्वयंपाकघरात आली.

स्मूदी आणि रस यांत एक महत्त्वाचा फरक आहे. रस गाळला की चोथा टाकून दिला जातो आणि त्याबरोबर तंतू, म्हणजे फायबर, जातात. स्मूदी गाळत नाहीत, त्यामुळे तंतू पेल्यातच राहतात. बद्धकोष्ठावर आणि रक्तातील साखर हळूहळू चढावी यासाठी या तंतूंचा उपयोग होतो. शिवाय पान कच्चे असल्याने उष्णतेने नाश पावणारे ‘क’ जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकते. पोटॅशियम, फोलेट, ‘के’ जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन हेही त्यात असतातच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत. त्यात बटाटा आणि तत्सम पिठूळ कंद धरायचे नाहीत. आपल्याकडच्या ताटात भात-पोळीचा डोंगर आणि भाजी चमचाभर, असा प्रकार बऱ्याच घरांत दिसतो. अशा घरात मूठभर पाला आणि एखादे फळ पेल्यातून पोटात गेले तर चांगलेच. पालेभाजी पाहून नाक मुरडणारी मुले आणि दात नसलेले आजी-आजोबा यांना तर हा मार्ग सोयीचा आहे.

कच्चे की शिजवलेले?

‘शिजवले की सत्त्व जाते’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की ते खरेच वाटू लागते. ते अर्धेच खरे आहे, हे दाखवून देणारे काम म्हैसूरमध्येच झाले आहे. महाराजांच्या चेलुवांबा प्रासादात १९५० साली सुरू झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजेच सीएफटीआरआय, हे अन्नशास्त्रातले देशातले मोठे नाव. तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पचनक्रियेची नक्कल करून पालेभाज्या तपासल्या. घरी करतो तशा शिजवल्यावर भाजीतले बीटा-कॅरोटिन शरीराला अधिक प्रमाणात उपलब्ध होते, असे त्यांना २०१० च्या सुमारास दिसून आले. थोड्या तेलावर परतलेल्या भाजीत तर ही वाढ फारच मोठी होती.

याचे कारण सोपे आहे. बीटा-कॅरोटिन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, ते पानाच्या पेशींत घट्ट अडकलेले असते. उष्णतेने पेशींच्या भिंती सैल होतात आणि ते सुटे होते. ते पाण्यात नव्हे, तर स्निग्धात विरघळते. म्हणून फोडणीतले चमचाभर तेल वाया जात नाही. तेच बीटा-कॅरोटिनला वाट करून देते. नुसत्या पाण्यात वाटलेल्या पालकाला ही मदत मिळत नाही. त्याच संस्थेच्या आणखी एका अभ्यासात कांदा आणि लसूण यांच्यामुळे धान्यांतले लोह आणि जस्त अधिक उपलब्ध होते असे आढळले. म्हणजे आजीची लसणाची फोडणी केवळ वासासाठी नव्हती!

सारांश असा, की ‘क’ जीवनसत्त्वासाठी कच्चे बरे आणि बीटा-कॅरोटिनसाठी परतलेले बरे. घरात दोन्ही हवे.

मुंबईच्या गिरणीतली गोष्ट

हिरव्या पानातला आणखी एक गुण जगाला कळला त्याची सुरुवात मुंबईत झाली. लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली भारतात आली. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याचे कारण ती परळच्या हाफकिन संस्थेत शोधत होती. या बायकांच्या आहारातच काहीतरी कमी आहे, असे तिच्या लक्षात आले. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या, आणि १९३१ साली तिने ते जाहीर केले. यीस्टमधला तो अनाम घटक बरीच वर्षे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला जात होता. पुढे १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तब्बल चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक अ‍ॅसिड म्हटले. विल्सबाईंचा घटक म्हणजे हेच फोलेट.

फोलेटचा स्वभाव नाजूक आहे. ते उष्णतेने कमी होते आणि भाजी उकडली की पाण्यात उतरते. ते पाणी मोरीत ओतले की फोलेटही गेले. जुन्या म्हैसूर भागातल्या बायकांनी यावर न शिकवता तोड काढली होती. तिथला ‘बस्सारू’ म्हणजे अक्षरशः निथळून केलेले सार. डाळ आणि पालेभाजी एकत्र शिजवायची, पाणी निथळून घ्यायचे, त्या पाण्याला वाटण लावून सार करायचे आणि उरलेल्या डाळ-भाजीला फोडणी देऊन कोरडी भाजी करायची. एका भांड्यातून दोन पदार्थ, आणि थेंबही वाया नाही.

आणि तंबुळी?

कच्च्या किंवा जेमतेम परतलेल्या पानाचे पेय ही कल्पना अमेरिकेने शोधून काढली असे मानायचे कारण नाही. मलेनाडात आणि किनारी कर्नाटकात घरोघरी होणारी ‘तंबुळी’ म्हैसूरच्या स्वयंपाकघरांनाही ठाऊक आहे. पानओवा, ब्राह्मी किंवा पालक यांची पाने थोड्या तुपावर जिरे-मिऱ्याबरोबर परतायची, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची आणि ताकात कालवायची. भातावर घ्या नाहीतर पेल्याने प्या. आपल्याकडची ताकातली पालेभाजी हिचीच मावसबहीण.

आहारशास्त्राच्या नजरेतून पाहिले तर तंबुळीची रचना फार शहाणपणाची आहे. तुपाने आणि खोबऱ्याने स्निग्धांश दिला, पान फार शिजले नाही, आणि ताकातल्या कॅल्शियमने पानातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवले. हे ऑक्झलेट प्रकरण काय, ते आता पाहू. कारण हिरव्या पेल्यातला खरा धोका तिथेच दडला आहे.

पालकाची दुसरी बाजू

पालकाच्या १०० ग्रॅम पानांत ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे दुधातले सुमारे ३० टक्के कॅल्शियम शरीरात शोषले जाते, तर पालकातले जेमतेम ५ टक्के. रक्तात गेलेले ऑक्झलेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि तिथे कॅल्शियमशी गाठ पडली की खडे होतात. मुतखड्यांचा सर्वांत आढळणारा प्रकार हाच.

आठवड्यातून दोनदा पालकाची भाजी खाणाऱ्या धडधाकट माणसाने घाबरायचे कारण नाही. पण रोज सकाळी अर्धी जुडी कच्चा पालक, तोही महिनोन्‌महिने, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत २०१८ साली मूत्रपिंडविकाराच्या एका नियतकालिकात ६५ वर्षांच्या एका बाईची हकीकत प्रसिद्ध झाली. शरीरशुद्धीसाठी म्हणून तिने ऑक्झलेटयुक्त हिरव्या स्मूदीचा सपाटा लावला आणि तिची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. तिच्या पोटावर पूर्वी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या सुमारास प्रतिजैविकांचा दीर्घ उपचारही झाला होता. या दोन्हींमुळे ऑक्झलेट जास्त शोषले जाते. असे प्रकार विरळा आहेत, हे खरे. पण ज्यांना मुतखड्याचा त्रास झालेला आहे, ज्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत, त्यांनी यातून धडा घ्यावा. पाला पाण्यात उकडून ते पाणी टाकले की ऑक्झलेट बरेच कमी होते. म्हणजे बस्सारूचे जे पाणी इतरांना अमृत, तेच मुतखड्याच्या रोग्याने टाकलेले बरे. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने खूपच कमी असते, हेही लक्षात ठेवावे.

रक्त वाढते का?

हा प्रश्न भारतीय बायकांच्या जिव्हाळ्याचा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांतली बाई थकलेली, धाप लागणारी, आणि तरीही सर्वांच्या शेवटी जेवणारी.

अशा बाईला ‘रोज पालकाचा पेला घे’ असा सल्ला दिला जातो. आता हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह. एका पेल्यात ५० ग्रॅम पाला धरला तर दीड मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच शोषले जाते. भारतीय स्त्रीसाठी शिफारस आहे दिवसाला २९ मिलिग्रॅमची. सरकारी योजनेत गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस जी गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असते. दीड कुठे आणि साठ कुठे! गोळीने मळमळते म्हणून ती बंद करून पेल्यावर विसंबणे, ही या फॅडची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. वेळ किंवा प्रकार बदलता येतो. तसेच ज्यांना मूल हवे आहे त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासूनच फोलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी.

पेला गोळीच्या जोडीला असू द्या. गोळीच्या जागी नको. त्यात लिंबू पिळा, कारण ‘क’ जीवनसत्त्व पानातले लोह शोषायला मदत करते. आणि पेल्यानंतर तासभर तरी चहा-कॉफी नको. हे म्हैसूरकरांना सांगणे कठीण आहे, कारण तिथली सकाळ फिल्टर कॉफीशिवाय उजाडतच नाही! पण कॉफी आणि विशेषतः चहा लोहाचे शोषण चांगलेच कमी करतात.

कोणी जपून राहावे?

मधुमेह्यांनी पेल्यातली फळे मोजावीत. पालक नावाला आणि दोन केळी, चार खजूर, वर मध, असा पेला हिरवा दिसला तरी तो गोड खाऊच. त्यात ३०० ते ३५० उष्मांक सहज भरतात, आणि चावून खाल्ल्यावर पोट भरते तसे पिऊन भरत नाही. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटर एवढीच मर्यादा सांगितली आहे.

हृदयाची झडप बदललेले किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन वा त्या गटातले औषध घेणारे रोगी यांनी अचानक रोजचा पेला सुरू करू नये. पानातले ‘के’ जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. पालेभाजी बंद करायची नाही. तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे आणि बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे. मूत्रपिंडविकार असलेल्यांना पोटॅशियमचाही धोका असतो.

दुधीच्या रसाबद्दल तर आणखीनच सावध असावे. कडू दुधीत कुकुरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात. दिल्लीत २०१० साली असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. तिचा सल्ला स्पष्ट होता : कडू रस मुळीच पिऊ नये. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखावा, कडू लागला तर सारा दुधी फेकावा. दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये, कारण त्याने कडूपणा लपतो. प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर थेट रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही.

‘शरीर शुद्ध होते’ या दाव्याबद्दल एवढेच, की हे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस विनामूल्य करत असतात. त्यांना पेल्याची गरज नसते. पुरेसे पाणी, माफक जेवण आणि दारू-तंबाखूपासून सुटका एवढी हवी असते.

धुण्यात हयगय नको

शिजवलेल्या भाजीत जंतू मरतात, कच्च्या पेल्यात ते जिवंत पोटात जातात. आपल्याकडे काही ठिकाणी सांडपाण्यावर भाजी पिकवली जाते, हे विसरून चालणार नाही. विषमज्वर, आमांश, जंतांची अंडी, असे बरेच काही पानांना चिकटून येऊ शकते. म्हणून जुडी सोडून, मुळे आणि माती काढून, एकेक पान वाहत्या पाण्याखाली दोनतीनदा धुवावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रोगी यांनी कच्चा पाला टाळून वाफवलेलाच वापरावा.

घरचा पेला

दोन माणसांसाठी मूठभर निवडलेला पाला (आज माठ, उद्या मेथीची कोवळी पाने, परवा पालक, असा पालटून), थोडी कोथिंबीर आणि पुदिना, अर्धी काकडी, एक पेरू किंवा सफरचंद, आल्याचा तुकडा आणि दीड पेला पाणी एकत्र वाटावे. पेरू असेल तर त्याच्या बिया आधी काढाव्यात. वर अर्धे लिंबू पिळावे, चार-पाच भिजवलेले शेंगदाणे किंवा बदाम वाटताना घालावेत म्हणजे स्निग्धांशही मिळतो. साखर, मध नको, गाळायचे नाही, करून ठेवायचे नाही, लगेच प्यायचे.

तंबुळीसाठी पानओव्याची दहा-बारा पाने, चमचाभर तूप, अर्धा चमचा जिरे, चार मिरे परतून, दोन मोठे चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटावे. पेलाभर ताक आणि चवीपुरते मीठ घालावे. उन्हाळ्याच्या दुपारी हिच्यासारखे दुसरे काही नाही.

यांतला कोणताही पेला न्याहरीची जागा घेऊ शकत नाही. त्यात प्रथिने नावालाच असतात. उपमा, थालीपीठ, उसळ, अंडे, दूध, जे घरात असेल ते खावेच लागते. आणि आठवड्यातून तीन-चार दिवस फोडणीची पालेभाजी पानात हवी.

शेवटची सूचना घरातल्या मंडळींसाठी. सकाळच्या गडबडीत हा पेला बहुधा घरातली बाई करते. सासरे, नवरा, मुले यांना देते आणि तळाशी उरलेले दोन घोट आपण पिते. रक्ताची सर्वांत जास्त गरज तिलाच असते. तेव्हा पहिला पेला तिच्या हातात द्या, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन तिचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.